माल कुठं जाणार, हे छाटणीलाच ठरतं

हे बोलणं ऐकताना तुमच्यातल्या कितीतरी जणींचे हात जीएच्या पाण्यात असतील. डिपिंगचे, विरळणीचे दिवस आहेत. म्हणून बागेतूनच सुरुवात करतो.

आपल्या दिंडोरी-निफाडकडच्या बागवाल्याला विचारा, यंदा माल कुठं पाठवणार? तो हे तोडणीच्या दिवशी ठरवत नाही. युरोपला द्यायचा असेल तर बागेची नोंदणी आधी करावी लागते, फवारणीची वही ठेवावी लागते, कोणतं औषध कधी थांबवायचं ते पाळावं लागतं, घडावर मणी मोजून ठेवावे लागतात. मग शेवटी रेसिड्यूचा रिपोर्ट. २०१० साली आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराईडचे अंश सापडले आणि युरोपात कंटेनर अडकले, ते वर्ष आपल्या भागात कुणी विसरलेलं नाही. माल गोड होता, दिसायला देखणा होता. त्या बाजाराला चालणारा नव्हता एवढंच. आखाती देशात जाणारा माल वेगळा, लोकलचा वेगळा. सगळीकडे चालेल असा माल पिकवतो म्हणणाऱ्याची बाग शेवटी बेदाण्याला जाते.

परदेशात नोकरी शोधणाऱ्या पोरींचंही असंच असतं. हे आम्हाला, म्हणजे तुमच्या गटांचं काम पाहणाऱ्या आम्हा समन्वयकांना, उशिरा कळलं. ते कळेपर्यंत आपल्याच एका ताईचे एक लाख दहा हजार रुपये गेले होते.

तिची गोष्ट तिच्या परवानगीने सांगतो. नाव आणि गाव सांगत नाही.

२०२३ च्या दिवाळीनंतर तिने गटातून कर्ज मागितलं. सून बीए झालेली, घरात दोन वर्षांचं लेकरू, मुलाचं काम सुटलेलं. एका एजंटाने सांगितलं होतं की इंग्लंडमध्ये म्हाताऱ्या माणसांची काळजी घ्यायला बायका हव्यात, सुनेला व्हिसा मिळेल, मागोमाग नवरा आणि मूलही जाईल. कर्जाच्या अर्जावर कारण काय लिहायचं, असा प्रश्न आला. ‘परदेशी जाण्यासाठी एजंटास देणे’ असं लिहिलं तर ग्रामसंघात चार जणी विचारतील, म्हणून ‘शिक्षण’ असं लिहिलं गेलं. ते अक्षर आमचं आहे. आजही त्या अर्जाचं पान उघडलं की आम्हाला आमचीच लाज वाटते.

मार्च २०२४ मध्ये इंग्लंडने नियम बदलला. या कामावर नव्याने येणाऱ्यांना नवरा, बायको, मुलं सोबत आणता येणार नाहीत असं ठरलं. एजंट म्हणाला, मग एकटीला पाठवा. सून म्हणाली, दोन वर्षांचं लेकरू टाकून जाणार नाही. पैसे मागितले तर म्हणाला, ते प्रक्रियेत खर्च झाले. पावती होती फक्त दहा हजारांची, बाकी सगळे रोख दिलेले. पुढे २२ जुलै २०२५ पासून इंग्लंडने केअरच्या कामासाठी बाहेरदेशातून नवी माणसं घेणंच बंद केलं.

सुनेत काही कमी नव्हतं. चूक ही की देश तिने निवडलाच नव्हता. एजंटाकडे ज्या देशाचा फॉर्म शिल्लक होता, तो तिचा देश झाला. आणि आम्ही कुणीच विचारलं नाही की त्या देशाला नेमकं कोण हवंय, किती दिवस हवंय, आणि आपली सून त्यात बसते का.

त्यानंतर सहा-सात महिन्यांत, जून २०२४ मध्ये, दुसऱ्या एका गटाची बैठक होती. तिथली एक ताई दोन लाखांचं कर्ज मागायला उभी राहिली. लेक जीएनएम झालेली, म्हणजे तीन वर्षांचा नर्सिंगचा कोर्स पूर्ण, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी हातात. नाशिकच्या एका खासगी दवाखान्यात तेरा हजारांवर रात्रपाळ्या करत होती. आम्ही विचारलं, कुठं जायचंय? ताई म्हणाली, “कुठं बी. पाच ठिकाणी फॉर्म भरलेत. जर्मनी, इंग्लंड, जपान, दुबई आणि ते इस्रायल. जिथलं आधी येईल तिथं.”

यावेळी आम्ही अर्ज लिहायला घेतला नाही. लेकीला रविवारी बोलावलं. ती आली, डोळे सुजलेले, रात्रपाळी करून थेट. ग्रामसंघाच्या खोलीत आम्ही तिघी, ती, तिची आई आणि चहा. दुपारपर्यंत बसलो.

इस्रायल सगळ्यात आधी सुटला. खरं तर त्या देशाशी आपलं जुनं नातं आहे. कोकणातले बेने इस्रायली, ज्यांना आपल्याकडे शनिवार तेली म्हणायचे, तिकडे जाऊन राहिले आणि त्यांच्या घरांत अजून मराठी बोलली जाते. पण २०२३ च्या ऑक्टोबरपासून तिथे युद्ध पेटलेलं. आई म्हणाली, “टीव्हीवर बघते मी. नको.” एवढ्यावर तो विषय मिटला. (त्याच वर्षी पुढे सप्टेंबरमध्ये इस्रायलने भारताकडे काळजीवाहक म्हणून पाच हजार माणसं मागितली. अट दहावी पास आणि काळजीवाहकाचा कोर्स, ज्यात ९९० तासांचं प्रत्यक्ष काम. घरी आजीला सांभाळलंय एवढ्यावर ते भागत नाही, हे लक्षात ठेवा.)

जपानचं तिला आकर्षण होतं. भारत आणि जपानचा २०२१ मध्ये करार झाला आहे. ठराविक कामांसाठी, त्यात वृद्धांची शुश्रूषा आहे आणि शेतीही आहे, जपानी भाषेची सुरुवातीची परीक्षा आणि त्या कामाची परीक्षा पास झालं की जास्तीत जास्त पाच वर्षं राहता येतं. कुटुंब नेता येत नाही. ती चोवीस वर्षांची. आई लगेच म्हणाली, पाच वर्षं एकटी, मग लग्न कधी? लेकीचं म्हणणं निराळं होतं. ती म्हणाली, “ताई, तिकडे मी काळजीवाहक म्हणून जाईन. मी नर्स आहे. तीन वर्षं शिकले ते कुठं जाईल?” हा मुद्दा आम्हाला सुचला नव्हता. पगार सगळे विचारतात. आपण जे शिकलो त्याला तिथे काय नाव मिळेल, हे फार कमी जणी विचारतात.

दुबईवर सगळ्यात जास्त वेळ गेला, कारण आईचं मन तिथं होतं. भावाचा मुलगा तिथे आहे. मुंबईहून तीन तासांत विमान पोचतं. पगारावर आयकर नाही. नवी भाषा शिकत बसावी लागत नाही. हे सगळं खरं आहे आणि आम्ही ते खोडून काढलं नाही. आपल्या राज्यातल्या किती घरांची छपरं आखाती पैशावर सिमेंटची झाली! नर्सला तिथल्या आरोग्य खात्याची परवाना परीक्षा द्यावी लागते, आणि भारत सरकारची ई-मायग्रेटवरची मंजुरीही लागते. तिची अडचण दुसरीच होती. तिथला व्हिसा मालकाला बांधलेला असतो. नोकरी संपली की परत यायचं. कितीही वर्षं राहिलं तरी ते गाव आपलं होत नाही. आई म्हणाली, “आपलं कशाला व्हायला पाहिजे? पैसे घेऊन घरी यावं.” हेही खरंच आहे. आम्ही तिघी एकमेकींकडे पाहत बसलो.

मग राहिलं इंग्लंड आणि जर्मनी. केअरच्या कामाचं काहीही झालं तरी इंग्लंडचा नर्सचा रस्ता वेगळा आहे, तिथल्या नर्सिंग कौन्सिलची नोंदणी आणि इंग्रजीची परीक्षा असा. लेक म्हणाली, इंग्रजीची भीती वाटते. आम्ही हसून विचारलं, मग जर्मन कशी जमेल? तिचं उत्तर आम्हाला अजून आठवतं. म्हणाली, “इंग्रजीच्या वर्गात मी सगळ्यांच्या मागं असते. जर्मनच्या वर्गात सगळेच शून्यावर असतील.”

आता जर्मनीबद्दल थोडं सविस्तर, कारण त्याच्या जाहिराती आता प्रत्येक तालुक्याच्या गावात लागल्या आहेत.

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग या राज्याशी करार केला. सुरुवातीला दहा हजार कुशल माणसं पाठवायची असं ठरलं. नर्स, वृद्धांची शुश्रूषा करणारे, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, ड्रायव्हर, स्वयंपाकी अशी बरीच कामं यादीत आहेत. भाषेचे मोफत वर्गही ठरले. या राज्याची राजधानी स्टुटगार्ट. तुम्हाला परकं वाटेल, पण आपल्या सातपूरला जिला सगळे मायको म्हणत आले ती बॉश कंपनी त्याच शहराजवळची. आपल्या भागातल्या कितीतरी घरांत मायकोचा पगार आला आहे. तेव्हा जर्मनांचं काम आपण बघितलेलं आहे.

पण मैत्रिणींनो, करार झाला म्हणजे तिकीट हातात आलं असं होत नाही. करार दोन सरकारांचा असतो. नोकरी एका दवाखान्याशी, एका मालकाशी, सहीच्या कागदाने होते. ‘सरकारी योजना आहे, दहा हजार जागा आहेत, आजच नाव नोंदवा’ असं म्हणून पैसे मागणारा माणूस भेटला तर तिथेच थांबा.

जर्मन भाषेच्या परीक्षा पायऱ्यांच्या आहेत. ए-१, ए-२, बी-१, बी-२ आणि पुढे. नर्सला तिथे पूर्ण नर्स म्हणून मान्यता मिळायची तर साधारण बी-२ पर्यंत जावं लागतं, आणि आपल्या शिक्षणाची तपासणी होते. काही कमी पडलं तर तिथे जाऊन ते भरून काढायचं, तोवर मदतनीस म्हणून काम. या मधल्या काळाबद्दल एजंट बोलत नाहीत, म्हणून आकडा सांगतो. जर्मनीत वृद्धांच्या शुश्रूषेत जुलै २०२५ पासून मदतनीसाला तासाला किमान १६ युरो १० सेंट, आणि पूर्ण मान्यतेच्या नर्सला किमान २० युरो ५० सेंट द्यावे लागतात. मान्यता मिळेपर्यंत दर तासाला चार युरोंपेक्षा जास्त फरक. पूर्णवेळ नर्सचे महिन्याला साडेतीन हजार युरोंच्या आसपास होतात, पण कर आणि विमा कापायच्या आधी. एकट्या माणसाचा साधारण तिसरा हिस्सा त्यात जातो. मग घरभाडं, गरम कपडे, खाणं. जो कुणी युरोला थेट रुपयांनी गुणून आकडा सांगतो, त्याला म्हणायचं, आता भाडं वजा कर.

तरीही लेकीचं बोट जर्मनीवरच राहिलं. तिथे ती नर्सच राहणार होती. मान्यता मिळाली की मालक बदलता येतो. लग्न झाल्यावर नवऱ्याला नेण्याचा रस्ता आहे. आणि २०२२ मध्ये भारत-जर्मनी यांच्यात माणसांच्या जाण्या-येण्याचा करार झालेला असल्याने दार एकदम बंद व्हायची धास्ती तिला कमी वाटली. कमी म्हणतो, नाही असं म्हणत नाही. इंग्लंडचं आम्ही बघितलं आहे.

आईचा प्रश्न मात्र तसाच होता. भाषेला वर्ष-दीड वर्ष जाणार, पोरगी पंचविशी ओलांडणार, स्थळं विचारतायत. याला आमच्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही एवढंच म्हटलं की दुबईचा रस्ता हातात ठेवून जर्मन शिकायला घेतली तर दोन्ही अर्धवट राहील. रात्रपाळी करणाऱ्या पोरीकडे दिवसाला दोन तास असतात. दोन तासांत एकच परीक्षा मावते. त्या रविवारी तिने बाकीच्या चार ठिकाणी फोन करून फॉर्म मागे घेतले. एकाने पाच हजार परत दिले, दोघांनी फोन उचलला नाही.

गटाने दोन लाख दिले नाहीत. पंचेचाळीस हजार मंजूर केले, तेही तीन हप्त्यांत. पहिला हप्ता ए-१ च्या शिकवणीला. पास झाल्याचा कागद बैठकीत दाखवला की दुसरा. मोफत वर्गाची वेळ तिच्या ड्युटीशी जुळेना, म्हणून खासगी शिकवणी लावली. फी थेट शिकवणीच्या खात्यावर, पावती फाईलला. अर्जावर कारण लिहिलं, ‘जर्मन भाषा शिकून परदेशी नोकरी शोधणे’. यावेळी लपवायचं काही नव्हतं. बैठकीत दोघी-तिघींनी कुरकुर केली की आमच्या पोरींना मग शिवणकामाला पैसे का नाही. ती कुरकुर योग्य होती, आणि त्यावर वेगळा ठराव झाला.

आता ती कुठे आहे? ए-१ झाली, ए-२ झाली. बी-१ चे चार भाग असतात, वाचणं, लिहिणं, बोलणं, ऐकणं. तीन भाग पास, ऐकण्यात नापास. तो एकच भाग पुन्हा देता येतो, सगळी परीक्षा नाही, हे त्यातलं बरं. रात्रपाळीत पेशंट झोपले की कानात जर्मन बातम्या लावून बसते. तिने आम्हाला एक गंमत सांगितली. जर्मन भाषेत मराठीसारखंच तो, ती, ते आहे. इंग्रजी शाळेत शिकलेल्या मुलांना ते जड जातं, आपल्या मराठी शाळेच्या पोरींना त्याचं काही वाटत नाही. फक्त तिकडे चंद्र ‘तो’ असतो आणि सूर्य ‘ती’. हे ऐकून बैठकीत एक आजी म्हणाल्या, “म्हणजे तिकडं बी दिवसभर बाईच राबते म्हणायची.”

मागच्या वेळी या विषयावर बोललो तेव्हा एका ताईंनी निरोप पाठवला होता. आम्ही सातवी शिकलेल्या, आमच्यासाठी काही आहे का? तर त्याविषयी.

दहावी पास नसलेल्यांच्या पासपोर्टवर ईसीआर असा शेरा येतो. अशा पासपोर्टवर सौदी, कुवेत, ओमान, कतार, अमिराती, मलेशिया अशा १८ देशांत कामाला जायचं तर सरकारची परवानगी लागते. बाईचं वय ३० च्या खाली असेल तर ती परवानगी मिळत नाही. आणि या बायकांची भरती खासगी एजंटाला करता येत नाही, सरकारी भरती संस्थांमार्फत होते. म्हणजे सातवी शिकलेल्या पंचवीस वर्षांच्या बाईला ‘घरकामाला कुवेतला नेतो’ म्हणणारा माणूस कायद्याबाहेरचं बोलतोय, मग तो तुमच्या जावेचा भाऊ का असेना. ‘आधी टुरिस्ट व्हिसावर चला, तिथे गेल्यावर बदलून देतो’ हे वाक्य ऐकलं की उठायचं. त्या व्हिसावर काम करताना पकडलं तर एजंट इथे असतो आणि तुरुंगात आपण असतो.

मुलगा जात असेल, वेल्डर म्हणा, ड्रायव्हर म्हणा, तर एजंटाचा परवाना नंबर मागा आणि ई-मायग्रेटच्या संकेतस्थळावर तो शोधा. तुमच्या गटातल्या शिकलेल्या पोरीच्या मोबाईलवर दोन मिनिटांत दिसतो. परवानाधारक एजंटालाही सेवा शुल्क म्हणून तीस हजार आणि त्यावर जीएसटी, म्हणजे पस्तीस हजार चारशे, याहून जास्त घेता येत नाही. ईसीआर पासपोर्टवाल्यांसाठी प्रवासी भारतीय विमा योजना आहे, दोन वर्षांना दोनशे पंचाहत्तर रुपये, अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वाला दहा लाख. तो काढल्याशिवाय सोडू नका. आणि काही शंका असली तर सरकारची मोफत हेल्पलाईन आहे, १८०० ११ ३०९०. लिहून घ्या. पुन्हा सांगतो, १८०० ११ ३०९०.

पहिल्या ताईंच्या कर्जाचे बावीस हजार अजून बाकी आहेत. दर महिन्याला हप्ता वेळेवर येतो. मागच्या आठवड्यात त्यांच्या सुनेने आम्हाला गाठून विचारलं, जर्मनीला माझ्यासारखीला काही आहे का? आम्ही लगेच हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. तिचं लेकरू आता शाळेत जायला लागलंय. तिला काय येतं, किती वेळ आहे, मुलाला कुठे ठेवणार, हे घेऊन ती येत्या बुधवारी येणार आहे.

त्या दिवशी आम्ही ग्रामसंघाच्या खोलीत अकरा वाजल्यापासून बसणार आहोत. तुमच्यापैकी कुणाच्या घरातून परदेशी नोकरीसाठी कुणाला पैसे दिलेले असतील तर पावत्या, व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज, बँकेचं पासबुक, जे असेल ते घेऊन या. पावती नसली तरी या.